कोप पुतळ्यावर पडावा

भिगवण मागे पडलं की सोलापूरच्या गाडीतून ऊस आणि केळीच्या बागा दिसू लागतात, आणि थोड्या वेळाने जेऊर येतं. श्रावणात मी एकदा तरी इथे उतरतेच. माझे मामा शिक्षक होते. निवृत्त झाल्यापासून श्रावणात ते 'नवनाथ भक्तिसारा'चं पारायण करतात. चाळीस अध्यायांची ती पोथी लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवलेली असते. या खेपेला मी गेले ती एक भांडण घेऊन. भांडण खेळातलं होतं, पण बोलणं बंद झालं होतं ते खरोखरचं.

पुण्यात आम्ही पाच जण दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली काढलेला हा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात; आमच्यात ती मी. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राची ताकद, विद्या, शस्त्रं कागदावर लिहिलेली असतात आणि घाव लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्या एका मित्राचं पात्र क्लेरिक होतं, म्हणजे देवाच्या कृपेवर मंत्र चालवणारा. त्याची देवी नदीची. जखमी माणूस समोर आला तर त्याला नाही म्हणायचं नाही, ही तिची आज्ञा. त्या रविवारी नदीच्या उतारावर एक जखमी दरोडेखोर त्याच्या पायाशी आला आणि हा म्हणाला, "मर तिथंच." मी जाहीर केलं, देवी कोपली, तुझे सगळे मंत्र गेले. त्याने कागदाची घडी घातली, पाण्याची बाटली उचलली आणि तो निघून गेला. पुढचे दोन रविवार आलाच नाही.

संध्याकाळचा अध्याय आटोपून मामा ओट्यावर येऊन बसले, तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं.

मामा : मग चुकलं कुठं तुझं? शब्द मोडला, विद्या गेली. आपल्याकडं हेच चालत आलंय. द्रोणांनी अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर अस्त्र दिलं ते नाइलाजानं. पोरगं मागं लागलं होतं. देताना बजावलं, माणसावर टाकायचं नाही. त्यानं टाकलं. वर परत घेता येईना, तर उत्तरेच्या गर्भावर वळवलं. काय झालं? कपाळावरचा मणी गेला आणि तीन हजार वर्षं भटकणं नशिबी आलं.

मी : मामा, अश्वत्थाम्यानं पोटातल्या बाळावर अस्त्र टाकलं. माझ्या मित्रानं एका खोट्या दरोडेखोराला खोटं औषध दिलं नाही. 

मामा : गुन्ह्याचं वजन सोड. मोडली ती आज्ञाच ना? बरं, कर्ण घे. त्यानं कुणाला मारलं नव्हतं. ब्राह्मण आहे असं परशुरामाला खोटं सांगितलं, एवढंच. तरी शाप मिळाला की ऐन वेळेला ब्रह्मास्त्र आठवणार नाही.

मी : कर्णाच्या जागी कुणी बसलेलं नव्हतं, मामा. व्यासांनी त्याला शाप दिला म्हणून कर्ण उठून घरी गेला नाही. माझ्या टेबलावर त्या क्लेरिकच्या खुर्चीत एक माणूस बसतो. आठवडाभर राबून रविवारचे चार तास तो त्यासाठी राखून ठेवतो. मी मंत्र काढून घेतले ते पात्राचे. पण रिकाम्या हातानं बसायची वेळ आली ती त्याच्यावर.

मामा : रिकाम्या हातानं कशाला? तलवार होती ना?

मी : क्लेरिकचे मंत्र काढले की मागे राहतो तो अर्धाच गडी. बाकीचे लढतात आणि हा बघत बसतो. खो-खोत बाद झालेला पोरगा असतो ना, तसा. फक्त इथं डाव संपायला सहा महिने लागतात.

मामा : खो-खोचं तूच काढलंस ते बरं झालं. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की मागं वळायचं नाही. वळला की फाऊल. हा नियम काढून टाक आणि बघ खेळात काय उरतं. अगं, बंधन आहे म्हणून तर पळणाऱ्याला वाव आहे. तुझ्या देवीची आज्ञा मोडून काहीच होत नसेल तर ती देवी कसली? वाण्याचं दुकान झालं ते, तेही उधारीचं. मंत्र न्या, हिशेब नंतर बघू.

मी : खुद्द खेळ करणाऱ्यांनाच हे हळूहळू पटेनासं झालं, हे माहितीय तुम्हाला? १९७८ च्या नियमांत पॅलडिन नावाचा धर्मयोद्धा होता. त्यानं जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याचं पॅलडिनपण कायमचं जायचं. उरायचा साधा लढवय्या. २००० सालच्या आवृत्तीत प्रायश्चित्ताचा मंत्र घेऊन गेलेलं परत मिळवता यायचं. २००८ साली तर त्यांनी ठरवून टाकलं की एकदा दिलेली शक्ती देव काढून घेत नाही, ती कशी वापरायची ते ज्याचं त्यानं बघावं. आणि २०१४ मध्ये शपथ मोडणाऱ्या पॅलडिनसाठी वेगळी वाटच करून दिली. मोडलीस शपथ? मग आता असा काळोखा योद्धा हो.

मामा : २००८ म्हणालीस? शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. म्हणजे तुमच्या खेळातनं आणि आमच्या शाळेतनं छडी एका वर्षाच्या अंतरानं गेली म्हणायची.

(आतून मामी म्हणाल्या, "कायद्यानं गेली. ह्यांच्या हातातनं सुटायला त्याच्यापुढं दोन वर्षं लागली.")

मामा : बरं, बरं. पण मला सांग, छडी गेल्यावर पोरं जास्त शिकली का?

मी : भीती कमी झाली. तुम्हीच सांगता की, ज्याला तुम्ही सर्वांत जास्त मारलं तो आज स्टेशनावर दिसला तर रस्ता बदलतो. 

मामा काही क्षण गप्प बसले. रस्त्यावरून केळीच्या घडांनी भरलेला एक टेम्पो गेला.

मी : आणि मुळात माणसं खेळात जादूगार का होतात, याचाही विचार करा. माझा हा मित्र एका ऑफिसात दिवसभर 'हो सर' म्हणतो. घरी गेल्यावर घरच्यांना 'हो' म्हणतो. आठवड्यातले हे चारच तास त्याच्या हातात काहीतरी असतं. तुमच्याच गावच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' पिक्चर आठवा. तो जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ का फिरतो? तिची राख त्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की शालू वश होईल, असं त्याला कुणीतरी सांगितलंय म्हणून. गावात ज्याला कुणी विचारत नाही त्याला जादू हवी असते. आज्ञा पाळायचीच असेल तर तो खेळायला कशाला येईल? ती तर तो बाहेर फुकट पाळतोच.

मामा : हे तुझं बोलणं मनाला लागलं. पण पिक्चर पुरा आठव. जब्याला चिमणी मिळते का?

मी : नाही.

मामा : मिळाली असती आणि चिमूटभर राखेत काम झालं असतं तर तू आज त्याचं नाव घेतलं असतंस? मंजुळ्यांनी त्याला सुखासुखी राख दिली नाही, म्हणून त्यानं शेवटी फेकलेला दगड आपल्या कपाळावर बसतो. जादूला मोल पाहिजे, पोरी. फुकटच्या जादूची गोष्ट होत नाही.

मी : मोल असावंच. पण मोल म्हणजे शिक्षाच का? चांगदेव घ्या. चौदाशे वर्षांच्या सिद्धी, वाघावर बसून आले, हातात सापाचा चाबूक. त्यांची विद्या कुणी काढून घेतली? ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, बस. शाप नाही, दंड नाही.

मामा : चांगदेव वाघावरनं खाली उतरले ते विसरलीस. चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्यानं एका लहान मुलीला, मुक्ताबाईला, गुरू केलं. याहून मोठी वसुली कुठली? फक्त ती त्यांनी स्वतः होऊन भरली. तुझ्या मित्रानं भरली असती का?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग मी बाजू बदलून पाहिली. शिक्षा करायचीच असेल तर ती कुणी करावी, हा प्रश्न इतर खेळांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला आहे.

मी : 'डंजन क्रॉल क्लासिक्स' नावाचा २०१२ चा खेळ आहे. त्यात क्लेरिकचा मंत्र फसला की देवाची नाराजी वाढत जाते. नाराजी ओढवली की काय भोगायचं ते एका तक्त्यावर फासा टाकून ठरतं. म्हणजे शिक्षा देणारा फासा. मला बरं वाटतं ते. फाशाला कुणाचा राग नसतो.

मामा : राग नसतो आणि न्यायही नसतो. शकुनीच्या फाशानं कुणाला न्याय दिला? आणखी?

मी : 'आर्स मॅजिका', १९८७ चा. त्यात सगळ्या जादूगारांचा एक संघ आहे आणि संघाची लेखी संहिता आहे. सैतानाशी व्यवहार नको, दुसऱ्या जादूगाराचं सामर्थ्य हिरावायचं नाही, अशी कलमं. मोडलं तर जादूगारच न्यायनिवाडा करतात. सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे संघाबाहेर काढणं. मग त्याला कुणाचंच संरक्षण नाही, बाकीचे जादूगारच त्याच्या जिवावर उठतात.

मामा : म्हणजे पंच बसून वाळीत टाकणार. ते नको बाई. आपल्या विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. पंचांच्या मनात काय असतं ते कलमात लिहिलेलं नसतं.

मी : मग उरला देव. आणि आमच्या खेळात देवाचं सोंग मीच घेते.

मामा : आता आलीस जाग्यावर. मला एक सांग. जखमीला नाही म्हटलं तर मंत्र जातील, हे त्याला तू आधी सांगितलं होतंस?

मी : आज्ञा सांगितली होती. मोडली तर काय होईल ते नव्हतं सांगितलं. ते त्या क्षणी सुचलं.

मामा : त्या क्षणीच का सुचलं?

इथे मी खोटं बोलू शकले असते. पण पारायणाच्या दिवसांत मामांशी खोटं बोलवत नाही.

मी : त्या दरोडेखोराकडे पुढच्या वाटेचा नकाशा होता. तीन संध्याकाळी बसून मी पुढचं सगळं रचलं होतं. किल्ला, भुयार, सगळं. यानं त्याला मरू दिलं आणि माझं सगळं पाण्यात गेलं. मला राग आला, मामा. देवी नंतर कोपली. आधी मी कोपले.

मामा : म्हणजे त्यानं देवीची आज्ञा मोडली म्हणून शिक्षा झाली नाही. तुझी मोडली म्हणून झाली.

मी : हो. आणि ती चार जणांसमोर दिली.

मामा : शिक्षणहक्काच्या कायद्यात शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक त्रासही लिहिलाय. आम्हाला प्रशिक्षणात वाचून दाखवलं होतं. तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. (थांबून) पोरांनी माझं गणित चुकवलं म्हणून मी किती वेळा मारलं आणि माझं ऐकलं नाही म्हणून किती वेळा मारलं, याचा हिशेब आता लागत नाही.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मामांनी आत जाऊन हात धुतले, पोथी आणली, पण उघडली नाही. मांडीवर ठेवून नुसतेच सांगू लागले.

मामा : गोपीचंदाची गोष्ट ऐक. मालूकवीनं शके १७४१ मध्ये, म्हणजे तुमच्या १८१९ साली ही पोथी पुरी केली. त्यात आहे. गोपीचंद राजानं बायकोच्या सांगण्यावरनं जालिंदरनाथाला खड्ड्यात पुरलं. वर घोड्याची लीद टाकली. पुढं जालिंदराचा शिष्य कानिफनाथ आला, राजाला चूक कळली, आता गुरूला वर काढायचं. पण कानिफाला ठाऊक होतं, गुरू वर येताना पहिला शब्द कोपाचा असणार आणि राजा जागच्या जागी भस्म होणार. तर त्यानं काय केलं? राजाचे वेगवेगळ्या धातूंचे पुतळे करवून घेतले. खड्ड्याच्या तोंडाशी एकेक ठेवला. आतनं विचारणा झाली, कोण आहे? उत्तर दिलं, गोपीचंद. आतनं शाप आला आणि पुतळ्याची राख झाली. मग दुसरा, मग तिसरा. पुतळे सरले तोवर कोपही सरला. आणि खऱ्या गोपीचंदाला मिळाला तो आशीर्वाद.

मी : मामा, आमच्या खेळात प्रत्येकाजवळ पुतळा आहे.

मामा : कुठला?

मी : तो कागद. पात्राचा. खेळाडू गोपीचंद आणि पात्र पुतळा. देवीला जाळायचं तर पुतळ्याला जाळू दे. मी पुतळा बाजूला सारून माणसालाच धरलं.

मामा : पण एक ध्यानात ठेव. कानिफानं गुरूला असं सांगितलं नाही की राग आवरा. पुतळे जळालेच. काहीतरी जळायलाच पाहिजे, नाहीतर कोप आत राहतो. तेव्हा तू त्याला उद्या फोन करून 'जाऊ दे, देवीनं माफ केलं' म्हणशील, तर तेही चूक.

मी : मग कचासारखं करते. देवयानीनं शाप दिला, तुझी संजीवनी तुला फळणार नाही. कच म्हणाला, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. विद्या हातात राहिली, फळ तेवढं दुसऱ्याकडे गेलं. माझ्या क्लेरिकचे मंत्र राहू देत. पण ते त्याच्या स्वतःच्या जखमेवर चालणार नाहीत. ज्यांना तो शत्रू म्हणतो त्यांच्यावर मात्र चालतील. म्हणजे तो रिकाम्या हातानं बसणार नाही, लढाईत कामाला येईल, आणि प्रत्येक वेळी मंत्र म्हणताना त्याला तो उतार आठवेल.

मामा : हे बरं सुचलं. आणि सुटका? आपल्याकडं शापाबरोबर उःशाप सांगतात. अहल्येला सांगितला होता, गजेंद्राला होता. शाप देणाऱ्यालाच उःशाप द्यावा लागतो, दुसऱ्याचा चालत नाही.

मी : त्या दरोडेखोराचा भाऊ शोधून काढायचा आणि त्याला एकदा वाचवायचं. हे मी शापाबरोबरच सांगेन, मनात ठेवणार नाही. आणि मित्रालाही विचारेन की शाप तुला मान्य आहे का, की वेगळा हवाय.

मामा : इथं मात्र माझं तुझ्याशी जमत नाही. आरोपीनं आपली शिक्षा आपण लिहायची? उद्या म्हणेल, मला फक्त ताप येऊ दे.

मी : तो आरोपी नाही, मामा. गोष्ट निम्मी त्याची आहे. आणि खरं सांगू? खेळाडूंना विचारलं तर ते स्वतःसाठी माझ्यापेक्षा कडक शिक्षा सुचवतात. त्यांना आपलं पात्र रडलेलंच जास्त आवडतं.

मामा : असेल. मला पटत नाही. आणि समजा तो म्हणाला की देवीच नको, तर?

मी : तर त्याला जाऊ द्यायचं. दुसरं दैवत, दुसरी वाट. २०१४ च्या नियमांनी नेमकं हेच केलंय.

मामा : जाऊ दे. पण देवीचे मंत्र इथंच ठेवून जायचं. ते तिचे आहेत. यात मी हटणार नाही.

मी : यात मीही हटत नाही. देवीचे मंत्र ठेवायचे हे कबूल. पण तो नव्या वाटेवर निघाला तर पहिल्याच दिवशी त्याच्या हातात काहीतरी असलं पाहिजे.

मामी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या, आणि जेवताना विषय पावसावर गेला. यंदा उजनी धरण कुठवर भरलं यावर मामांचं आणि माझं एकमत झालं नाही, तेही राहिलंच.

रात्री नऊला मी मित्राला फोन केला. देवीबद्दल बोलले नाही. आधी एवढंच सांगितलं की नकाशा त्या दरोडेखोराकडे होता आणि मला राग आला होता. तो हसला. म्हणाला, "मला वाटलंच. तुझा चेहरा देवीसारखा नव्हता." मग मी शाप आणि उःशाप दोन्ही सांगितले आणि विचारलं, काय बदलायचंय? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, भाऊ नको, दरोडेखोराची आई कर.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा बसतोय. प्रत्येकाच्या कागदावर मी आता एक नवी ओळ आखली आहे. त्यात दोन गोष्टी लिहायच्या. शब्द मोडला तर काय जाईल, आणि ते परत कसं मिळेल. खेळ सुरू होण्याआधी ती ओळ भरायची, आणि खेळाडूनं अन् मी, दोघांनी मिळून भरायची.